थांबा मामा

त्यांना घाई करता येत नव्हती आणि दुसऱ्याने केलेली चालतही नव्हती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या पेठेतल्या दूध कट्ट्यावर गर्दी व्हायची. कुणाच्या हातात स्टीलचा पेला, कुणाच्या हातात किटली, कुणी मोटारसायकल चालूच ठेवून उभा. कोल्हापुरात म्हैसच गिऱ्हाइकाच्या दारात येते. समोर धार काढायची आणि फेस बसायच्या आत पेला तोंडाला लावायचा, ही इथली जुनी चैन. बाकीचे गवळी दोन-दोन म्हशी पिळून मोकळे व्हायचे, आणि हा माणूस आपल्या हौसा म्हशीच्या पाठीवर डावा तळवा ठेवून नुसता उभा असायचा. दोन मिनिटं, पाच मिनिटं, कधी आठ. कुणी चुळबुळ केली की मान न वळवता म्हणायचे, "थांबा." म्हणून सगळी पेठ त्यांना थांबा मामा म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे.

मी तिथे जायला लागलो तो दुधासाठी नव्हे. दूध मला पचत नाही. माझी बायको सुनीता जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. दिवस कसाबसा कॉलेजात जायचा, पण साडेपाचला घरी येऊन कुलूप काढलं की आतून कुणी "आलात?" म्हणायचं नाही. पायांत चपला तशाच ठेवून मी पुन्हा बाहेर पडायचो. मुलगा बंगळूरला. रविवारी फोन करायचा आणि मनःशांतीसाठी मोबाइलवर काहीबाही पाठवायचा. त्यातली एक बाई मधाळ आवाजात मला समुद्रकिनारी बसल्याची कल्पना करायला सांगायची. मला समुद्रकिनारी घाम येतो आणि चपलेत वाळू जाते, एवढंच आठवायचं.

यातली थट्टा अशी की मी नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि ताण हा माझा हुकमी धडा. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन क्षणात धावून येतं, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. त्याच्या मागून कॉर्टिसॉल येतं आणि ते मात्र लवकर जायचं नाव घेत नाही. मुक्काम लांबला की झोप जाते, साखर चढते, रक्तदाब चढतो, आठवण दगा देते. हे सगळं मी वीस वर्षं रंगीत खडूंनी काढून दाखवत आलो होतो. आणि त्या श्रावणात, ही दोन्ही रसायनं सोडणाऱ्या, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीचं नावच मला फळ्यासमोर आठवेना. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने खाली बघत ते सांगितलं.

प्राचार्य बाई भल्या. त्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तुमचे तास दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही घरी शांत विश्रांती घ्या. त्यांना कसं सांगणार, की दिवसाचे ते शिकवण्याचे तीन तास सोडले तर माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता? माझ्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: चालणे, झोप, माणसांशी बोलणे. तास गेले असते तर माणसंही गेली असती. मला त्या घरी विश्रांती घ्यायची धास्ती वाटत होती.

तर असा मी, रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन हौसेच्या शेजारी उभा राहायचो. माणसं बोलत असायची, ती ऐकत. चौथ्या की पाचव्या दिवशी थांबा मामा पहिल्यांदाच माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, जरा लांब ऱ्हावा. तुमच्यामुळं म्हस दूध चोरतीया." चारचौघांत हे ऐकून माझे कान तापले. मी काही केलेलं नाही, म्हशीला हातसुद्धा लावलेला नाही, असं मी बाणेदारपणे सांगितलं. मामा म्हणाले, "हात न्हाय लावला, पर तुमचा श्वास बघा की. कुत्रं मागं लागल्यावानी चाललाय." मी पुढे चहाच्या टपरीपाशी जाऊन गुपचूप मनगटावर बोटं ठेवली. नुसता उभा असताना नाडी एकशेचार होती.

दुसऱ्या दिवशी मी सूड म्हणून त्यांना शास्त्र सांगितलं. म्हैस पान्हवते तेव्हा मेंदूतून एक रसायन सुटतं, त्याने दूध खाली उतरतं. ती घाबरली तर अ‍ॅड्रिनलिन त्याची वाट अडवतं, आणि कासेत असलेलं दूध कासेतच राहतं. मामांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्याचं नाव काय म्हणालासा, म्हणून पुन्हा विचारलंही. मग म्हणाले, "आमी त्याला धसका म्हणतो. आत बसला की बाहीर काय येत न्हाय. दूध न्हाय, रडू न्हाय, काय न्हाय." सुनीता गेल्यापासून मी रडलो नव्हतो आणि लोकांनी त्याला धीर म्हटलं होतं.

त्यांचा उपाय अगदी साधा होता आणि तो त्यांना उपायही वाटत नव्हता. धारेला बसण्याआधी ते हौसेच्या पाठीवर हात ठेवायचे आणि श्वास सोडायचे. घ्यायचे कमी, सोडायचे लांब. रागावलेल्या हाताने त्यांनी कधी धार काढली नाही. म्हैस रवंथ करायला लागली, कान सैल पडले, की खाली बसायचे. "आदी आपलं काळीज बसवायचं, मग बादली," एवढंच त्यांचं शास्त्र. एकदा माझा हात धरून त्यांनी म्हशीच्या पाठीवर ठेवला. ती ऊबदार, खरबरीत, किंचित थरथरणारी कातडी. मी इतके दिवस कुठल्याच जिवंत गोष्टीला हात लावलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. लांब उच्छ्वासाने वेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवरतो, स्पर्शाने ताणाची रसायनं ओसरायला लागतात, हे मी परीक्षेत पाच गुणांना विचारायचो. त्या संध्याकाळी नाडी ब्याऐंशीवर आली.

घरात कोण असतं, असं त्यांनी मला एकदाच विचारलं. कोणी नाही, मी म्हणालो. त्यावर सांत्वन नाही, उसासा नाही. "मग ही बादली धरा," म्हणाले. तेव्हापासून बादली धरायचं काम माझं. गिऱ्हाइकं हसायची, प्राध्यापक गवळ्याच्या हाताखाली लागला म्हणायची. मला सहा वाजता कुठेतरी असायचं होतं, आणि आता मी नसलो तर कुणाचं तरी अडणार होतं.

मामा साधुसंत होते असं मुळीच नाही. हिशेबी बोलणारे, हट्टी, आणि माणसांच्या बाबतीत त्यांचा सगळा धीर संपलेला असायचा. मामी कधीमधी पेंडीची पाटी घेऊन यायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या की चाळीस वर्षांत माझ्या पाठीवर हात ठेवून कुणी पाच मिनिटं थांबलेलं नाही. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने पहिला पेला त्यांनी मामींच्या हातात दिला, गिऱ्हाइकाच्या आधी. मामींनी तो पेला मला दाखवून भुवया उडवल्या आणि पिऊन टाकला.

गणपतीत पेठेतून डीजेची मिरवणूक गेली. भिंती थरथरत होत्या, तिथे म्हशीची काय कथा. हौसा दावं तोडून पळाली, धरून आणली तरी पुढचे दोन दिवस तिने थेंब दिला नाही. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. शेजारच्या गवळ्याने खिशातून इंजेक्शन काढलं. टोचा, मिनिटात सोडते म्हणाला. सुईत असतं ते तेच रसायन, जे हौसेच्या स्वतःच्या मेंदूने द्यायला हवं होतं. तसं टोचणं कायद्याला धरून नाही, हे मी सांगायला लागलो, पण मामांना कायद्याशी कर्तव्य नव्हतं. "सुईनं दूध येतं मास्तर, म्हस येत न्हाय," ते म्हणाले. दोन दिवस ते तिच्याजवळ नुसते बसून राहिले. तिसऱ्या संध्याकाळी तिने रवंथ सुरू केला. मी बादली धरली होती. धारेचा पहिला आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. मामांनी वर बघितलं नाही. पेला मागणाऱ्या एका माणसाला तेवढं म्हणाले, "थांबा."

दिवाळी आली आणि गेली. प्राचार्य बाईंनी विषय काढला नाही. मी आता सलग पाच-पाच तास झोपत होतो. ताणाच्या धड्याला मी वर्गात हौसेची गोष्ट सांगितली आणि मुली पहिल्यांदा मनापासून हसल्या. ग्रंथीचं नाव न अडखळता आलं.

माघात एका संध्याकाळी मामांची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही. मी चार दिवस जाऊन उभा राहिलो, घड्याळ बघून परत आलो. मग लक्षात आलं की मला त्यांचं घर माहीत नाही, फोन नंबर माहीत नाही, आडनावसुद्धा माहीत नाही. ज्या माणसामुळे मी उभा होतो, त्याच्याविषयी मी कधी काही विचारलंच नव्हतं. पाचव्या दिवशी शेजारच्या गवळ्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं, "थांबा मामा गेलं की, सोमवारी. निमोनिया झालता." मला कळवणार तरी कोण? मी त्यांचा कोण होतो?

त्या आठवड्यात सगळं परत आलं. छाती धडधडायला लागली, हात गार पडायला लागले. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी किती वेळ उभा राहिलो ठाऊक नाही. मागे कुणीतरी खाकरलं तेव्हा भानावर आलो. प्राचार्य बाईंनी पुन्हा चहाला बोलावलं. मी श्वास लांब सोडून बघितला, पण हात ठेवायला काही नव्हतं.

पंधरा-सोळा दिवसांनी कट्ट्यावरून जाताना हौसा दिसली. तिच्या पाठीवर हात ठेवून मामी उभ्या होत्या. लुगड्यावरून मामांचा करडा, लांब बाह्यांचा सदरा घातलेला, गुंड्या एक खाली एक वर लागलेल्या. लोक बघत होते, पण हसत कुणी नव्हतं. धार काढणारा हात बदलला की म्हैस दूध देत नाही. मग घरातलं दुसरं माणूस आधीच्याचे कपडे घालून बसतं. त्या वासावर ती भुलते. मामी म्हणाल्या, चौघांनी बसून बघितलं, सगळ्यांना लाथा बसल्या, कास दगडासारखी झाली. मग खुंटीवरचा सदरा काढला. मी न विचारता बादली धरली. हौसेने दूध सोडलं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, असं किती दिवस चालणार? मामी दावं सोडत होत्या.

"तिला माझी सवय होईस्तवर. पैले पंधरा दिवस धुतला न्हाय. काल नुसत्या पाण्यातनं काढला. साबण लावला न्हाय अजून. एकदम धुतला तर तिला धसका बसंल. जरा जरा कळू दे."

"आणि तुम्हाला?"

"मला पैल्या दिशीच कळलंय की, मास्तर." त्यांनी बाही नाकाशी नेली, मग खाली सोडली. "पर एकदम धुवाय मला बी जमलं नसतं."

मी घरी आलो. पलंगाच्या डाव्या बाजूच्या, सुनीताच्या उशीचा अभ्रा वर्ष उलटून गेलं तरी मी बदलला नव्हता. मुलाला ते माहीत नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, कामाला येणाऱ्या बाईला मी त्या खोलीत येऊच देत नव्हतो. मधोमध तेलाचा पिवळट डाग होता आणि वास होता की नव्हता, हे आता मला नक्की सांगता आलं नसतं. मी पलंगावर बसलो, त्या उशीवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ थांबलो. मग अभ्रा काढला, मोरीत नेला, बादलीभर पाण्यात बुडवला. साबणाचा डबा शेजारीच होता. तो मी उघडला नाही.