काळं मंजन

बसा जरा. हे माझ्या तोंडातून आजवर निघालेलं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलले. अकरा वर्षं झाली. आता कंटाळा आला बघा. लपवायचा कंटाळा येतो का हो माणसाला? मला आला. लई थकले.

मी गारखेड्यात राहते. ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, दारात पायपुसणं, खिडकीत गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या — तुम्ही आलात तर लांबूनच घर ओळखाल. गल्लीत मला शिलाईवाल्या काकू म्हणतात. हल्ली आणखी एक नाव पडलंय — मिश्री सोडलेल्या काकू. कौतुकानं म्हणतात. आणि मी हसते, म्हणजे त्यांना माझे स्वच्छ दात दिसतात.

व्हय, मिश्री लावायचे मी. पस्तीस वर्षं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विहिरीवरच्या बायकांनी बोटावर दिली, आणि ती चिकटली ती चिकटलीच. महिन्यातून एकदा दुपारी मागच्या अंगणात फुटक्या तव्यावर तंबाखू भाजायची. सगळी गल्ली खोकायची. काळीकुट्ट झाली की कुटायची आणि ब्लाउजाच्या अस्तराच्या तुकड्यातून चाळायची. अस्तरातून पीठ लई बारीक पडतं. मग डबीत भरायची. सकाळी डाव्या तळव्यावर चिमूटभर, उजव्या हाताचं पहिलं बोट, आणि मोरीच्या उंबऱ्यावर अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कुणी हाक मारली तरी बोलता येत नाही, तोंड भरलेलं असतं. नाही लावली तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं, मशिनीवर सुईत दोरा जात नाही. सगळ्या बायका हेच सांगतात. मीही सांगायचे.

घरात मात्र मिश्री हा शब्द नव्हता. आम्ही मंजन म्हणायचो. आईचं काळं मंजन. बापाचं पांढरं, माझं काळं. लहान पोरीला काय कळणार? शब्द साधा ठेवला की वस्तूही साधी वाटते. मलाही वाटायची ना.

सांगते, सांगते. घाई नका करू. मला मुळाशी यायला वेळ लागतो.

माझी लेक वैशाली. एकच पोर. अकरा वर्षांची असताना तिची दाढ किडली. रविवार होता, दवाखाना बंद. पोरगी गाल धरून भिंतीला टेकून नुसती विव्हळत होती. मी लवंग लावली, मिठाच्या गुळण्या दिल्या. दुपारी माझंच डोकं उठलं — दोन ब्लाउज त्याच दिवशी द्यायचे होते. मग मी काय केलं? डबी उघडली, बोटाला मंजन घेतलं आणि तिच्या दाढेवर चोळलं. पोरीला घेरी आली, भडाभडा उलटी झाली, घाम फुटला. पण दाढ थांबली. संध्याकाळी ती मला म्हणली, आई, तुझं मंजन लई भारी आहे. मी हसले. ब्लाउज वेळेवर गेले.

दाढ पुन्हा दुखली तेव्हा तिनं स्वतः मागितलं. मी दिलं. नंतर मागायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. डबी लवकर संपायला लागली तेव्हाही मला वाटलं, आपलाच हात वाढलाय. खरंच वाटलं का? नाही. मला माहीत होतं. मोरीतून तिचा थुंकल्याचा आवाज यायचा आणि मी मशीन जोरात चालवायचे.

तिची बारावी झाली, ती कॉलेजात गेली. आम्ही दोघी एकाच डबीतून लावत होतो आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. तिला ते सोडायचं होतं. एकदा आठ दिवस तिनं लावलंही नाही. चिडचिड करायची, जेवण टाकायची, उगाच रडायची. नवव्या दिवशी मीच म्हणलं, कशाला एवढा जीव काढतेस, डबी तिथंच आहे. म्हणजे बघा. पोरगी काठाला आली होती, मी तिला परत आत ओढलं. मला एकटीला लावायला लाज वाटायची, म्हणून. हे मला तेव्हा कळलं नाही असं तुम्ही समजू नका.

पण खरी गोष्ट ही पण नाही.

तिचं लग्न बिडकीनला झालं. शेतीवाडीचं घर, जावई कंपनीत. पेटी भरताना पैठणीच्या घडीत मी स्वतः एक डबी ठेवली. ॲल्युमिनियमची, झाकणाला पोचा आलेली, माझीच जुनी. काठोकाठ भरून. पोरीचे सासरी हाल नकोत म्हणून — असं मनाशी म्हणले तेव्हा. आया पेटीत काय काय ठेवतात, मी ते ठेवलं.

चार महिन्यांनी विहीणबाईंचा फोन आला, येऊन जा म्हणून. आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. आम्ही दोघं दुपारच्या बसनं गेलो. बैठकीत विहीणबाई बसलेल्या, जावई खिडकीपाशी उभा, वैशाली दाराच्या चौकटीला धरून. आणि मधे स्टुलावर ती डबी. पोचा आलेलं झाकण वर.

विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "हे सुनबाईच्या पेटीत निघालं. हे कुठलं, तेवढं सांगा."

आता तुम्हीच सांगा, किती अवघड होतं? एक वाक्य होतं. माझं आहे. मी लावते, मीच लावायला शिकवलं, पेटीतही मीच ठेवलं, पोरीला बोल लावू नका. त्यांनी काय केलं असतं? मला नावं ठेवली असती, लोकांत बोलल्या असत्या. बास.

मी पदर तोंडावर घेतला. रडल्यासारखा. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. पण पदर कशाला घेतला माहितीये? दात झाकायला. सकाळीच दोनदा लावून निघाले होते, हिरड्यांच्या कडा काळ्या पडलेल्या. आणि पदराआडून मी बोलले, "आमच्या घरात असलं काही नाय हो विहीणबाई. मी दिवसभर मशिनीवर, माझं लक्ष नाय राहिलं. कॉलेजात कुण्या पोरीनं लावलं असंल. देव जाणे कुठून शिकली."

आमचे हे खाली मान घालून बसले. त्यांना सगळं माहीत होतं, पण ते माझ्यासाठी गप्प राहिले. आणि वैशालीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात आपल्या मापाचं नाही म्हणल्यावर माणूस कापड परत ठेवतं ना, तसं बघितलं आणि नजर काढून घेतली. मग म्हणाली, "व्हय. कॉलेजातच शिकले मी."

पोरीला घरी पाठवतील या भीतीनं मी बोलले असं म्हणले तर तुम्ही मान डोलवाल. मी स्वतःला कैक वर्षं तेच सांगितलं. पण त्या घटकेला पोरीचं काय होईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या डोक्यात माझे दात होते.

घरी आल्यावर मी पहिलं काय केलं असेल? मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि लावली.

वैशालीनं त्याच वर्षी सोडली. कशी सोडली ते मला जावयाकडून कळलं. विहीणबाई रोज सकाळी तिच्यासोबत ओट्यावर बसायच्या, हातात ओवा-बडीशेप द्यायच्या, डोकं दुखलं तर तेल चोळायच्या. एकदा तिनं शेजारणीकडून चिमूट आणली, ती त्यांनी न बोलता मोरीत टाकली आणि पुन्हा तिच्याशेजारी येऊन बसल्या. तीन महिने. माझी लेक मला फोन करत होती, नेमानं, गोड बोलत होती — पण मंजन हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही. आणि मी? मी आणखी दहा वर्षं लावत राहिले. पोरगी सुटली याचा आनंद व्हायला हवा ना? मला पोटात दुखायचं. ती तिकडं गेली आणि मी इथं राहिले, असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात नात आली राहायला. ओवी, आठ वर्षांची, तोंडाची टकळी सतत चालू. पहिल्या दिवशी सकाळी मी मोरीत बसलेली, आणि पोरगी मागच्या दारात ब्रश घेऊन उभी. आत येईना. मी बोलावलं. तोंड भरलेलं, हातानंच खुणावलं. तर ती म्हणाली, "आई म्हणलीय, आजी मंजन लावत असली की तिकडं जायचं नाय. आणि दाढ दुखली तर आजीला नाय सांगायचं, मला फोन करायचा."

मी चूळ भरली. डबी घंटागाडीत टाकली.

सोडणं काही मोठं केलं असं नाही, नुसती फरफट झाली. चौथ्या दिवशी शमीम आपांच्या दुकानात गेले. आमच्याच गल्लीत, घरातच दुकान त्यांचं. वीस वर्षं माझी तंबाखूची पानं तिथूनच यायची. आपांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "नक्को भाभी. खतम हो गई." म्हणलं, आपा, तुमच्या पाठीमागं बरणी दिसतेय. तर म्हणतात कशा, "हौ, दिखती. दुनिया कू है, तुमकू खतम." आणि बडीशेप हातावर ठेवली. मी रागानं तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग पुन्हा गेले, बडीशेप घ्यायला. शिवण वाकडी जायची, चार ब्लाउज उसवून पुन्हा शिवले. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा नाही घसरले. दातांच्या डॉक्टरांनी खरवडून खरवडून दात साफ करून दिले, आरशात माझंच तोंड मला परकं वाटलं.

संक्रांतीला कॉलनीतल्या महिला मंडळानं हळदीकुंकवात माझा सत्कार केला. नारळ, ब्लाउजपीस, टाळ्या. मला बोलायला सांगितलं. मी छान बोलले. मनाचा निग्रह वगैरे म्हणले. दोघीजणी नंतर घरी आल्या, काकू आम्हालाही सोडायचीय म्हणून. मी त्यांच्यासोबत बसते रोज, ओवा-बडीशेप घेऊन. ही रीत कुणाची, हे त्यांना सांगितलं नाही. त्या डबीचं तर नाहीच नाही.

गेल्या आठवड्यात बिडकीनला गेले. एकटी. सांगायचंच असं ठरवून. दात स्वच्छ होते, आता पदर लागणार नव्हता. विहीणबाई ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघून म्हणलं, दात छान झाले तुमचे. मी खाली बसले, एक जुडी ओढून घेतली. म्हणलं, विहीणबाई, त्या दिवशीचं एक राहिलंय बघा —

"राहू द्या," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "पदर धरला होता तुम्ही, तरी मला दिसत होते की दात. फोन केला तेव्हाच माहीत होतं मला. लग्नात काय बघितले नव्हते?"

म्हणलं, माहीत होतं, तर विचारलं कशाला?

"मिश्रीचं काय, आज ना उद्या सुटली असती. मला बघायचं होतं, पोरीसाठी आई एक शब्द बोलते का." त्यांनी पानं सुपात टाकली. "नाय बोललात. मग म्हणलं, आता ही आपलीच."

त्या रागावून बोलल्या नाहीत. भाजीबद्दल बोलावं तसं बोलल्या. मला बोलायचं होतं ते सगळं तोंडात भरलेलं, आणि त्याला बाहेर यायला काही कामच उरलं नव्हतं. म्हणून तर आज तुमच्यापुढं बोलतेय. मी हे माझ्या तोंडानं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तेवढ्यात आतून वैशालीचा आवाज आला, "आई, चहात साखर घालू का?"

मी म्हणलं, "घाल गं थोडी."

ती दारापर्यंत आली. हातात गाळणी होती. "तुला नाही," ती म्हणाली, "आईंना विचारतेय. त्यांना शुगर निघालीय."

विहीणबाई म्हणाल्या, नको. ती आत गेली. मी उरलेली मेथी निवडली.