आमदारांचा सुका जवळा

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी शहापूर पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. आमच्या हद्दीत एक अपक्ष आमदार राहत. अधिवेशन संपलं की ते आठवडी बाजारात उभे राहायचे. कोणत्या ठरावावर कसं मत दिलं, कधी गैरहजर होतो, कोणाकडून काय घेतलं, सगळं सांगायचे. लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं ते यासाठीच.

विश्वासदर्शक ठरावाच्या तोंडावर ते ड्रायव्हरसह गायब झाले. त्यांची म्हातारी आई ठाण्यात आली.

"सायेब, माज्या पोराला पळवला. तो घरी येत नाय तवर मी अन्नाला शिवायची नाय."

मिसिंगची तक्रार दाखल केली, नाकाबंदी लावली. म्हातारी ठाण्याच्या ओट्यावरच बसून राहिली.

मग मुरबाडच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईने आमच्या हवालदाराला हटकलं. "आमदाराचा डायवर आताच जवळा घेऊन गेला. आमदार पळवला, तर जवळा कोन खातंय?"

ड्रायव्हर चहाच्या टपरीवरच सापडला. जवळा स्वतःसाठी घेतला, म्हणाला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

"माळकरी कधीपासून जवळा खायला लागले रे?" मी विचारलं. त्याने मान खाली घातली आणि पत्ता सांगितला.

डोंगराखालच्या फार्महाऊसवर आमदार पत्ते कुटत होते. आई उपाशी आहे म्हटल्यावर म्हणाले, "मतदान होऊ द्या, मग येतो. मी राजीखुशीने आलोय, तसा जबाब घ्या. गावात मात्र अपहरणच राहू द्या."

कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण सज्ञान माणूस, स्वखुशीने राहिलेला. कायद्याने हात बांधलेले. आईला एवढंच सांगितलं, सुखरूप आहेत. तरी ती जेवली नाही.

गावाला दिलेल्या शब्दाच्या नेमकं उलट मत देऊन आमदार नव्या कोऱ्या गाडीतून परतले. गाडी कुठून आली, ते मात्र बाजारात सांगितलं नाही. "मला डांबून ठेवलं होतं," म्हणून गळा काढला.

बाजारातल्या गर्दीत उभी असलेली म्हातारी माझ्याकडे वळली. "सायेब, खरा काय ता सांगा."

"कोणी नेलं नव्हतं, आजी. स्वतःच गेले होते."

 ती म्हणाली, "तर मंग तक्रार मिटवू नका. माजा पोर अजून नाय आला."

त्या दिवशी तिने पेज घेतली, ती शेजारणीच्या घरी. मुलाच्या उंबऱ्यावर ती पुन्हा चढली नाही.

आम्ही 'इसम मिळून आला' असं लिहून प्रकरण बंद केलं. पळवून नेणाऱ्याला बेड्या घालता येतात, विकल्या गेलेल्याला सलाम ठोकावा लागतो, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. पुढच्याच बंदोबस्तात मी तो ठोकला. हात कपाळाला होता आणि तोंडात शिवी.