ओला ब्रश

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते दूधवाल्याचे खाडे लिहायला. सांभाळून घे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढा भाग वगळते. तू कोण वाचणार, मला माहीत नाही. ओळखीची नसशील तर बरं.

बोरिवलीला एका घरी मी जुईला सांभाळायला होते. तिची आई बँकेत, बाबा सारखे फिरतीवर. आईला मी वहिनी म्हणायची. दुपारी शाळेतून आली की रात्री आठला वहिनी येईपर्यंत जुई माझी. — माझी, असं लिहून गेले बघ. राहू दे.

जुईला ऑटिझम आहे. मी लागले तेव्हा तीन वर्षांची होती, सोडलं तेव्हा सात. ती बोलत नाही. मिक्सर सुरू झाला की कान दाबून पळायची. फ्रॉकचं लेबल टोचलं तर रडून बेजार. कोणी अंगाला हात लावलेला चालत नसे. पण मला ओट्यावर भाकरी जमत नाही, मी परात घेऊन खाली बसते — आणि तो थापण्याचा आवाज आला की जुई येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. गप्प. भाकऱ्या संपेपर्यंत. मला मूल झालं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. पण ती ऊब — कसं सांगू? अजून घरी भाकरी करताना मी भिंतीपासून जरा पुढे सरकून बसते. मागे जागा राहावी म्हणून.

तर दातांचं.

सकाळी वहिनींच्या घाईत जुई तोंडच उघडत नसे. रात्री त्या येईपर्यंत ती जेवून झोपेला आलेली असायची. म्हणून रात्रीचे दात माझ्याकडे दिले. तिला शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला सगळं दाखवलं — ब्रश कुठला, बिनवासाची पेस्ट, दहापर्यंत मोजायचं, थांबायचं, परत दहा. वहिनींनी त्याचे महिन्याला पाचशे वेगळे लावले. म्हणाल्या, काम सोपं नाही, मला ठाऊक आहे.

सोपं नव्हतंच. पण मी करत होते, खरंच. ती किंचाळायची, मला ओरबाडायची, आणि झालं की हॉलच्या पडद्याआड जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशीसुद्धा माझ्याकडे बघायची नाही. भाकऱ्या थापल्या तरी यायची नाही. मी थापत बसायची, जरा जोरात.

एक दिवस मला बरं नव्हतं म्हणून ब्रश राहिला. दुसऱ्या दिवशी ती आली, पाठीला टेकली.

मग मी दात घासलेच नाहीत. ब्रश नळाखाली धरायचा, बेसिनला थोडी पेस्ट लावायची. वहिनी आल्या की ब्रशला बोट लावून बघायच्या. ओला असायचा. वर मी तिला गुळाचा खडा द्यायची, कारण तो घेताना ती माझं बोट धरायची. किती दिवस? एक वर्ष. आणि दर महिन्याला ते पाचशे घेतले.

हे सांगायला एवढे वळसे घालून आले, पण खरं ते हे नाहीच. खरं पुढे आहे.

जुई डाव्या गालावर मुठी मारायला लागली. जेवेना, झोपेना. वहिनींना वाटलं शाळेत काही झालं. शाळेत भांडून आल्या, बाकाची जागा बदलली, उशीचं कापड बदललं. शांत राहायचं औषध द्यायचं का, असं बोलणं सुरू झालं. त्याच आठवड्यात जुईने जांभई दिली आणि मला दिसलं. मागच्या दाढेत काळा खड्डा. बाजूची हिरडी लालभडक.

मी सांगितलं का? नाही. सांगितलं तर पुढचा प्रश्न ब्रशाचा येणार होता. तीन आठवडे मी तिच्या मुठी हातात धरून बसले आणि वहिनींना म्हणत राहिले, काय होतंय कळत नाही हो. तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

शेवटी गाल सुजला, तेव्हा त्यांनाच दिसलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. पहिल्या दिवशी दिवा आणि मशीनच्या आवाजानं जुईनं क्लिनिक डोक्यावर घेतलं. बाई म्हणाल्या, आज जबरदस्ती केली तर ही जन्मभर खुर्चीवर बसणार नाही. सूज उतरायला औषध दिलं आणि आठवड्यातून तीनदा, पेशंट यायच्या आधी, नुसतं यायला सांगितलं. ते काम माझ्याकडे आलं. आणि ते मी केलं — जीव ओतून केलं. हेच जास्त टोचतं. हातमोज्यांची एक जोडी घरी आणली, ते घालून तिला भरवायची, म्हणजे वास ओळखीचा होईल. चमच्याची मागची बाजू दातांना लावायची. क्लिनिकमध्ये दिवा बंद ठेवायला लावायची. खुर्चीवर आधी मी आडवी होऊन तोंड उघडायची आणि बाई मोठ्यानं माझे दात मोजायच्या. एकदा म्हणाल्या, "मावशी, दात झकास आहेत हो तुमचे. रोज नीट घासता वाटतं." मी तोंड मिटलं.

पाचव्या खेपेला जुई माझ्यावर आडवी झाली, पाठ माझ्या छातीला. मी तिच्या मांडीवर हळूहळू थापत होते, भाकरीसारखं. "घाबरू नको गो बाय," एवढंच म्हणत होते. त्या दिवशी तिनं आरसा तोंडात घेऊ दिला. पुढे दोन दाढा भरल्या, एक काढली. ती काढताना तिनं माझं बोट इतकं घट्ट धरलं की नख काळं पडलं.

वहिनी सगळ्यांसमोर रडल्या. "मावशी, तुम्ही नसता तर काय केलं असतं मी? आई म्हणून मीच कमी पडले."

मी त्यांना पाणी दिलं.

त्यांनी बँक सोडली. जुईकडे आपलं लक्ष नव्हतं म्हणून हे झालं, असं त्यांनी धरलं. रात्रीचे दात त्या स्वतः घासायला लागल्या. जुई किंचाळायची, पडद्याआड जायची, आणि वहिनी तिथेच जमिनीवर बसून राहायच्या. तास-तास. महिन्याभरानं एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते तर जुई पडद्यातून बाहेर आली आणि वहिनींच्या पाठीला पाठ लावून बसली. तिकडे. मी ज्याला भ्यायले ते एवढंच होतं — थोडं थांबणं. दोन महिन्यांनी माझी गरज उरली नाही.

आता कांदिवलीला एका आजींकडे जाते. पण दर महिन्याला, पगार झाला की, बोरिवलीला जाऊन वहिनींच्या हातात पाचशे ठेवायची. उचल घेतली होती, म्हणून सांगितलं. कसली उचल, मला आठवत नाही, त्या म्हणाल्या. मला आठवते ना वहिनी, मी म्हटलं. म्हणजे परत खोटंच. सांगायचं ठरवून जायची आणि पैसे देऊन यायची. जुई शाळेतून आलेली असेल अशा वेळी जायची. ती कधी दिसायची, कधी नाही. दिसली तरी बघायची नाही.

मागच्या शनिवारी बारावी नोट दिली. वहिनींनी चहा केला. म्हणाल्या, "एवढं प्रामाणिक कोण असतं हो आजकाल? झालं ना आता, फिटलं?"

मी चहा प्यायले, कप धुऊन ठेवला. हो म्हटलं, सगळे फिटले.