उपसलेला काटा

माझा नवरा शिहाम आता धक्क्यावर बसून पाणबुड्यांच्या टाक्यांमध्ये हवा भरतो. टाकी चढते दुसऱ्याच्या पाठीवर, समुद्रात उतरतो तोही दुसराच. हा आपला पाण्यावरचे बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत बघत बसतो. माझा जीव तुटतो, पण तोंडाने मी एवढंच म्हणते, "ऊठ मेल्या, रोटी वातड झाली."

पाहुण्यांना बुडीला नेणारा त्याच्यासारखा दुसरा आमच्या बेटावर नव्हता. प्रत्येकाला बजावायचा, "तळाच्या वाळूवर टेकू नका. खाली पाकट मासा दडलेला असतो. त्याच्या शेपटीचा काटा घुसलाच, तर उपसू नका. दातेरी असतो, डॉक्टरच काढेल." आणि एकदा घाबरलेल्या बाईला सावरताना हाच वाळूवर टेकला. काटा मांडीत! होडीवर सगळे "थांब, थांब" करताहेत, पण जन्मभर माशांच्या तोंडातून गळ उपसणारा हात तो. खस्सकन ओढला. आतली नस फाटली, पाय लुळा पडला.

समुद्र म्हणजे माझी सवतच होती. "सोडलं एकदाचं तिनं तुला," असं मी त्याला कितीदा ऐकवलं.

परवा बुडीच्या केंद्राचा मालक जिनान म्हणाला, "शिहामभाई, त्या तरंगत्या लाल बोयापर्यंत पोहून परत या. जमलं, तर टाकी पुन्हा तुमच्या पाठीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरं घातलेला मासा ताटात तसाच टाकून स्वारी निघाली. मी मागोमाग.

"उथळ पाण्यात पाय घासत चाल रे! पाकटांना चाहूल लागली की निघून जातात."

"अगं, हा पाय घासण्याशिवाय दुसरं करतोय काय?" तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

पोहायला लागला आणि माझ्याच तोंडून निघालं, "या अल्ला, पोचू दे त्याला." मुठी आवळून उभी होते मी. बोया जवळ आला तसा तो एका अंगाला कलंडायला लागला. सावरला, परत कलंडला. थोडा वेळ नुसताच तरंगत बोयाकडे बघत राहिला. मग आपणहून वळला.

मी कपड्यांसकट पाण्यात शिरले, त्याच्या काखेत हात घातला. त्याला धाप लागली होती.

"आता खूश ना तू?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

"नाही रे," म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.