तिचा नमस्कार

"अगं, मग जाऊन ये की!" असं मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला. आमच्याकडे झाकणं आपोआप पडत नाहीत, एवढं मला इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळतं. पण तोवर मी सुरू झालो होतो. कुठलं विमान स्वस्त, सामान किती नेऊ देतात, मुंबईहून सांगलीला कसं जायचं... समोरची मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

पलीकडच्या इमारतीत ती आईबरोबर राहायची. वय एकोणीस. सांगलीची तिची आजी अंथरुणाला खिळली होती आणि नातीचा धोशा लावून बसली होती. म्हणून माझा हा सल्ला.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "जाता येतं. येता येत नाही."

ती लहान असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आली. २००१ च्या मंदीत बापाची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसा. 'मिळेल दुसरी' म्हणत थांबले आणि थांबता थांबता बेकायदेशीर झाले. पुढे बापही घर सोडून गेला. आता देशाबाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं दार बंद. आमच्या ईडन प्रेरी गावातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना हे ठाऊक होतं, मी सोडून. बायकोनं मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. तेव्हा क्रिकेट चालू असणार.

अशा लहानपणी आणलेल्या मुलांना इथं राहू द्यावं, असा एक कायदा सहा वर्षं नुसताच घोळत होता. २००७ च्या ऑक्टोबरात तो सिनेटमध्ये मताला आला. "थोडं थांब, येतेच," असं तिनं आजीला फोनवर सांगून टाकलं होतं. त्या दिवशी ती आमच्याकडे येऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. आई कामावर होती. आमचा मुलगा कॉलेजला गेल्यापासून ती खुर्ची तशी रिकामीच असायची.

आकडे आले. बाजूनं जास्त, विरोधात कमी. मी टाळी वाजवली. "जिंकलो!"

"नाही, काका. शंभरात साठ मतं लागतात."

"बहुमत मिळूनही हरतात?"

"हो ना, यार," असं ती मला, तिच्या काकाला, म्हणाली. एरवी मी रागावलो असतो. बायकोनं शिरा आधीच करून ठेवला होता. तो आम्ही तिघांनी खाल्ला.

डिसेंबरात मी पुण्याला निघालो. गॅरेजसमोर बर्फ ओढत होतो, तेव्हा ती आली. "काका, सांगलीला जाल? आजीला माझा नमस्कार सांगा." दोन पावलं गेली आणि वळली. "सांगू नका. करा."

सांगलीत आजी खाटेवर पडून होती. दिसत फारसं नव्हतं, ऐकूही कमीच यायचं. मी तिच्या कानाशी ओरडलो, "आजी, तुमच्या नातीचा नमस्कार!" आणि वाकलो. गुडघा कटकन वाजला. आजीनं माझ्या टकलावर हात ठेवला, थोडी चाचपडली, पण हात काढला नाही. म्हणाली, "चांगला नवरा मिळू दे हो, बाळे." दारातली तिची सून पदर तोंडात धरून हसली. मलाही हसू येत होतं. तेवढ्यात आजीनं विचारलं, "कधी येतेस?"

आणि मी, पन्नाशी उलटलेला बाप्या, म्हणालो, "येते."

आजीचं समाधान झालं. सुनेचं हसू मात्र थांबलं. मी चहा न घेताच निघालो.

परतल्यावर मुलीला सगळं सांगितलं. नवऱ्याच्या आशीर्वादाला ती खूप हसली. मग म्हणाली, "हात कुठे ठेवला? दाखवा ना." मी टकलावर बोट ठेवून जागा दाखवली. ती तिथं बघत राहिली. मग जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि "थँक्स, काका" म्हणून निघाली. पार्किंग लॉटच्या बर्फातून ती एकटीच पलीकडे गेली. तिच्या घरात दिवा नव्हता. तो तिनंच जाऊन लावला.

'आजी बरी आहे, आता उठून बसते,' हे वाक्य मी विमानात बसून पाठ केलं होतं. ते तसंच राहिलं.

"आजी कशी आहे, हे तिनं विचारलंच नाही," मी बायकोला म्हणालो.

बायको अजून खिडकीशीच, पलीकडच्या त्या दिव्याकडे बघत उभी होती. "खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात," ती म्हणाली. "ते तिला माहितीये. म्हणून नाही विचारलं."