मावशींना विचारलंत का?

मावशींच्या पोटात नळी घालायची की नाही, हे त्यांचा मुलगा ठरवणार होता. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला होता. घास घशाखाली उतरत नव्हता, पाण्याच्या घोटालाही ठसका लागायचा, अंगावरचे कपडे ढगळ होत चालले होते. नळी घातली तर अन्न थेट पोटात जाईल, थोडी ताकद येईल. नाही घातली तर जे चाललंय ते फार दिवस चालणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, "आईंनाही विचारा." मुलानं विचारलं. मावशी काही बोलल्या नाहीत. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा, तिची इच्छाच संपलीय. उगाच हाल कशाला करायचे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशी तापटच. नवऱ्याच्या कंपनीमुळे कराडकडून इकडे बोईसरला आले तेव्हापासून सासरच्यांना वाटतं, समुद्राची हवा लागून मी आणखी बिघडले. पण त्या दिवशी मी गप्प बसले. एक तर तो वाईट माणूस नव्हता. वसईहून दर रविवारी यायचा, आईचे पाय चेपायचा, तिची नखं कापायचा. आणि दुसरं म्हणजे, तो म्हणतो तेच खरं असलं तर? मावशींच्या मनात काय आहे ते मला तरी कुठे माहीत होतं?

पाम गावाच्या रस्त्याला आमचा वृद्धाश्रम आहे. तिथं मी म्हाताऱ्यांचं सगळं बघते, आंघोळीपासून औषधापर्यंत. बाकीच्या बायकांना आम्ही आजी म्हणतो. या मात्र आजी म्हटलं की मान फिरवायच्या. चिंचणीच्या. उभा जन्म मासे विकले, आणि गिऱ्हाईक मावशी म्हणतं म्हणून आम्हीही मावशीच म्हणायचो. पार्किन्सननं आधी त्यांचा हात धरला, मग पाय. उंबऱ्यापाशी आल्या की पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभ्या राहायच्या. मग चेहरा थिजला. हसू नाही, रडू नाही, काही नाही. शेवटी आवाज गेला. गेला म्हणजे काय, ओठ हलायचे आणि वारा निघायचा.

स्पीच थेरपीवाल्या ताई पालघरहून यायच्या. त्यांनी मला नीट समजावलं होतं. या आजारात माणसाला वाटतं आपण चांगलं खणखणीत बोलतोय, पण बाहेर ऐकूच येत नाही. आणि विचारलेल्याचं उत्तर जुळवायलाही वेळ लागतो. "त्यांना ओरडायला लावा," ताई म्हणाल्या. "रोज. छातीभर श्वास घ्यायचा आणि मोठ्यानं 'आ'."

मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, महिना संपायच्या आत या बाईच्या तोंडून तिचं म्हणणं मी काढणार. हो म्हणू दे, नाही म्हणू दे, पण तिनं म्हणायचं. रोज सकाळी औषध लागू पडलं की मी समोर बसायचे. "आ करा मावशी. आ!" मीच इतकी ओरडायचे की पलीकडच्या खोलीतले काका छाती धरून उठायचे. मावशी माझ्याकडे बघत बसायच्या. कधी बारीकसा आ निघायचा, कधी तोही नाही. पेपरातल्या बातम्या वाचायला दिल्या. देवाचं नाव घ्यायला लावलं. मी हात टेकले, पण ते वरवरचे. सकाळ झाली की परत समोर जाऊन बसायचे.

एक दिवस ड्युटीवर येताना बाजारातून पापलेट घेतलं. आमच्या घरात मटण समजतं, मासळीतलं ओ का ठो कळत नाही. मावशींना जरा बरं वाटेल म्हणून डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "बघा, किती छान तुकड्या करून दिल्यात!"

मावशींनी डब्यात बघितलं. थरथरतं बोट आत घातलं, तुकड्या इकडून तिकडे केल्या.

"मुंडी कुठे हाय?"

मी दचकलेच. आवाज! खरखरीत, पण दारापर्यंत जाईल असा आवाज.

"मुंडी... टाकून द्यायला सांगितली. काय करायचीय मुंडी?"

"टाकली?" मावशींचे डोळे असे झाले की मी डबा मागे घेतला. "मुंडी टाकली? आनि कल्ले न बगता घेतला? शिळा दिला तुला! घाटीन ती घाटीनच!"

मला शिवी बसली आणि मी आनंदानं टाळ्या पिटल्या. काय बाई, नुसतं हसू आवरेना. पापलेट खरंच शिळं होतं. संध्याकाळी नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. सारू दे म्हटलं, मला जे मिळायचं होतं ते मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून 'आ' बंद आणि बाजार सुरू. मी गिऱ्हाईक, मावशी विकणार. ताईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, चालेल काय, पळेल. मी मुद्दाम मूर्खासारखं बोलायचे. बोंबलाला काटे फार म्हणायचे. हलवा माशाला नावं ठेवायचे. "एवढंसं पापलेट आणि एवढा भाव? आमच्याकडे एवढ्यात बोकड येतं!" मावशी आधी श्वास गोळा करायच्या, खांदे वर यायचे, आणि मग सुटायच्या. "जा मग बोकड खा! हात नको लावू मालाला!" मॅनेजरबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "अहो, इथं काय बाजार भरवलाय?" मी म्हटलं, "हो, भरवलाय. काय घेणार?"

रोज जमायचं असं नाही. कधी औषध लागू पडायचं नाही आणि सगळी सकाळ वाऱ्यावर जायची. ठसके वाढत होते. एकदा पेज भरवताना त्या निळ्या पडल्या. मी पाठ थोपटत राहिले. बऱ्याच वेळानं श्वास ताळ्यावर आला. त्याच वेळी मी सरळ विचारलं, "मावशी, नळी घालायची का? मला तरी सांगा."

त्यांनी माझं मनगट धरलं. "पोराला सांगीन," एवढंच म्हणाल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू? एवढं करून मलाही पत्ता लागू देईना ही बाई!

महिन्यातला शेवटचा रविवार. मुलगा आला, खुर्ची ओढून आईजवळ बसला. डोळे सुजलेले, रात्रभर झोपला नसावा. "मी ठरवलंय," मला म्हणाला. "नळी नको. तिला शांतपणे जाऊ दे."

"त्यांना विचारा," मी म्हटलं.

"विचारलं होतं ना."

"परत विचारा. आणि विचारून झालं की तोंड बंद ठेवा. मी सांगेपर्यंत." असं कुणी नातेवाइकाशी बोलतं का? नोकरी जायची. पण तोंडातून निघून गेलं.

त्यानं विचारलं. मावशींचे ओठ हलले. वारा. तो काहीतरी बोलायला गेला, मी डोळे वटारले. परत ओठ हलले, परत वारा. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. त्यांना चिडवायला काहीतरी बोलावं असं जिभेवर आलं होतं, पण मी जीभ चावली. हे बोलणं त्यांचं होतं. मग त्यांचे खांदे वर आले.

"नळी घाल!"

व्हरांड्यातली सगळी माणसं वळली. मुलानं खुर्ची आणखी पुढे ओढली.

"आई, अगं तोंडाला चव राहणार नाही. काही खाता येणार नाही तुला."

"नको चव. मना जगायचा हाय!" एवढं बोलून त्यांना धाप लागली. चेहरा होता तसाच थिजलेला, पण गालावरून पाणी वाहत होतं. माझ्याही.

मुलगा खाली फरशीवर बसला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस गं? एकदा तरी बोलायचंस!"

मावशींचा आवाज संपला होता. ओठ हलत होते, त्याला काही ऐकू येईना. तो उठला, आईच्या तोंडाशी कान नेला आणि तसाच वाकून उभा राहिला. मी पलीकडे त्यांचा हात धरून होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बोलत व्हती. तू थांबत नव्हता."