आप्पांनी राखून ठेवलेली लिंक

“आप्पाचं दुकान मोबाइलात हाय म्हणं, पर शटरच उघडंना झालंय की रं!” बाहेर मांडवात कुणीतरी म्हणालं आणि बेळगुंदीचे तीस-चाळीस शेतकरी खो खो हसले. मी आत, आप्पांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून उभी होते.

नवी वस्तू न वापरण्यात आप्पांइतका आनंद जगात दुसऱ्या कुणाला होत नसेल. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे शाळासोबती. त्यांच्या मिक्सरवरचं प्लास्टिक दोन वर्षं निघालं नव्हतं, कारण चांगला दिवस असे तेव्हा वीज नसे आणि वीज असे तेव्हा अमावास्या. पाण्याची नवी मोटर आली, तेव्हा तिला हार घालून कोपऱ्यात बसवली आणि मुहूर्तापर्यंत आठ दिवस शेजाऱ्याकडून पाणी आणलं. नवा चष्मा लावून पहिलं तोंड कुणाचं बघायचं यावर तर घरात बैठक झाली. ती संपेपर्यंत ते माझ्या वडिलांना भलत्याच नावाने हाक मारत होते. काकू म्हणतात, “लगीन झाल्यावर मला तेवढं लगेच घरात घेतलं ह्येंनी. नशीब माझं!”

असे हे आप्पा गावच्या रताळ्यांची वेबसाइट काढायला निघाले. मी साइट बनवते हे मी सहसा कुणाला सांगत नाही. आप्पा बसच्या कंडक्टरलाही सांगतात. “इंग्लिश मीडियमची हाय, पर आपल्यातली हाय.” त्यांच्या नावावर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं, साइट जोडली, ती छान उघडलीही. मग आप्पांनी पत्ता छापून गावभर पत्रिका वाटल्या. आजच्या उद्घाटनाला गोव्याचा एक व्यापारी आला होता. यंदाचा माल थेट गावाकडून उचलायचा की नाही, हे तो साइट बघून ठरवणार होता. आणि सकाळपासून साइट बंद.

उघडल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं मी ठरवलं. सगळी सेटिंग्ज पुन्हा तपासली, काकूंच्या मोबाइलवर बघितलं, सर्व्हर बघितला. सगळं ठीक होतं. शेवटी डोमेनच्या खात्यात एक बारीक ओळ सापडली. मालकाने आपल्या ईमेलची खात्री करून दिलेली नाही, म्हणून नाव थांबवलं आहे. पंधरा दिवसांची मुदत कालच संपली होती.

“आप्पा, कंपनीची मेल आली होती का? त्यातली लिंक दाबायची होती.”

“आलती की. चारदा आलती. लई मागं लागल्यात.”

“मग दाबली का नाही?”

आप्पा मला देवघरापाशी घेऊन गेले. मेलची छापील प्रत पाटावर होती, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू.

“उद्घाटनाचं बटण हाय न्हवं ते? असं कवाबी दाबून कसं चालंल? तुज्या हातनं दाबायचं म्हणून राखून ठेवलंय. आनि मग तू चार शब्द बोलायचीस.”

आलेला राग तिथेच विरला. चार शब्द बोलायची भीती मात्र राहिली. मी नवी मेल मागवली आणि त्यांचा फोन त्यांच्याच हातात दिला.

“दाबा, आप्पा.”

“आत्ता? राहूकाळ हाय गं पोरी!”

“आत्ता.”

त्यांनी डोळे मिटून दाबलं. खात्री झाली. पण असं थांबलेलं नाव लगेच उघडत नाही. कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोन तास.

बाहेर खुर्च्या सरकू लागल्या. व्यापाऱ्याने गाडीची किल्ली काढली. “आप्पा, आता पुढल्या दसऱ्याला बोलवा!” कुणीतरी ओरडलं. दिसेल त्याच्याशी बोलणारे आप्पा माइक धरून नुसते उभे होते. इतकी वर्षं मी त्यांना बघते आहे, पण ते म्हातारे झालेत हे मला आज पहिल्यांदा दिसलं. मी मांडवात गेले आणि त्यांच्या हातातून माइक घेतला. घामाने तो ओला झाला होता.

“बसा सगळे,” मी म्हणाले. “आप्पांचं काही चुकलेलं नाही. त्या लिंकला मुदत असते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. साइट मी केलीय, आणि ती उघडेपर्यंत मी इथे बोलत उभी राहणार आहे.”